टिचकीचं तेल

माझ्या उजव्या डोळ्यात तेलाचे तीन थेंब आहेत आणि ते मी हुकूम सोडून घालून घेतले आहेत. आमच्या किनाऱ्यावर वारा सुटला की कुणाच्या डोळ्यात वाळू जाते, कुणाच्या सुक्या मासळीचं खवलं. त्यात त्या माणसाचा काही दोष नसतो. मी मात्र अलिबागच्या एका दवाखान्यात टेबलावर आडवी होते, डोळा बधिर केलेला, हनुवटीपर्यंत हिरवं कापड, आणि अशा थाटात मी एका पंचवीस वर्षांच्या सिस्टरला तिचं काम शिकवलं. तिने बिचारीने ऐकलं. त्याचे हे तीन थेंब.

काम शिकवायची माझी खोड जुनी. चौतीस वर्षं मी सरकारी नर्स होते, त्यातली पहिली अकरा तळा गावाच्या बाजूला, डोंगरातल्या एका उपकेंद्रात. त्या वेळची मी आज दारात आली तर तिला मी पाणीसुद्धा विचारणार नाही. वय चोवीस. साडीला अशी खळ की बसताना आवाज यायचा. छातीवर उलटं लावलेलं घड्याळ, आणि चेहऱ्यावर भाव असा की धनुर्वाताची लस या बाईनेच शोधून काढली. दोन डोंगर चालून आलेल्या बायकांना ती घड्याळ दाखवून उशिराबद्दल बोलायची. त्यांच्यातल्या एकीकडेही घड्याळ नव्हतं.

तिची सगळ्यात मोठी विद्या म्हणजे टिचकी. तेव्हा सिरिंज काचेची. स्टोवर उकळायची, चिमट्याने उचलायची, औषध ओढून घ्यायचं, सुई वर धरायची आणि मधल्या बोटाच्या नखाने नळीवर टिचकी मारायची. काच टण् वाजते, आतला हवेचा बुडबुडा वर सरकतो, मग दट्ट्या जरासा दाबला की हवा जाते आणि सुईच्या टोकाला एक थेंब येऊन थांबतो. काम एवढंच, एका टिचकीत होण्यासारखं. मी तीन मारायचे. पहिली बुडबुड्यासाठी. दुसरी रांगेतल्या बायकांसाठी, त्यांना कळावं म्हणून. आणि तिसरी, आता सांगायला हरकत नाही, तालुक्याहून औषधांच्या पेट्या घेऊन येणाऱ्या एका कंपाउंडरसाठी, तो त्या दिवशी आलेला असो की नसो. पुढे त्याने रोह्याच्या एका शिक्षिकेशी लग्न केलं. टिचक्या तीनच राहिल्या.

एकदा रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं, बाई, तेला मारतंस कशाला, औषद चिडंल ना. मी हसले. नुसती हसले असते तर ठीक होतं, पण मी सगळ्या रांगेला हसायला लावलं आणि म्हातारीला शेवटी उभं केलं. आज मला त्या म्हातारीचा चेहरा आठवत नाही. उपकेंद्राच्या दाराचा रंग आठवतो, स्टोचा वास आठवतो, पण तिचा चेहरा नाही.

पुढे प्लास्टिकच्या सिरिंजा आल्या, वापरा आणि टाका. उकळणं संपलं, चिमटा गेला, टिचकी तेवढी हाताला चिकटून राहिली. निवृत्त होताना माझ्या जागी आलेल्या मुलीला मी खुर्ची, चाव्या, रजिस्टरं आणि टिचकी एवढं सगळं समजावून दिलं होतं.

आता मी मुरुडच्या अलीकडे, ह्यांच्या गावी राहते. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. दोन खोल्या, पडवी, मागे चार माड आणि एक रातांबा. मुलगा सून खारघरला चौदाव्या मजल्यावर. त्यांच्या घरातून समुद्र दिसत नाही, पण सोसायटीच्या नावात समुद्र आहे. तिकडे मी गेले की सकाळी दोघं कामावर जातात आणि मी खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजते. इथेही मी एकटीच असते, पण इथे एकटं असायला मला कुणाची परवानगी लागत नाही. वाटीभर भात करते. टीव्ही चालू ठेवते, बघण्यासाठी नव्हे, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. बातम्या देणाऱ्या बाईला मी मधूनमधून उत्तर देते. तिला काही फरक पडत नाही, मला पडतो.

डोळ्यांचं प्रकरण सुरू झालं ते दाराच्या चौकटीवरून. एक दिवस चौकट मधोमध वाकलेली दिसायला लागली. मी सुताराला बोलावलं. त्याने ओळंबा सोडून दाखवला, चौकट दोरीसारखी सरळ. मी त्याला म्हटलं, तुझा ओळंबा वाकडा आहे. तो चहा पिऊन गेला. चौतीस वर्षं लोकांच्या पापण्या ओढून डोळे तपासणारी नर्स, आणि स्वतःचा डोळा बिघडला तर सुतार बोलावते. त्यानंतरही चार महिने मी म्हणत राहिले की मोतीबिंदू असेल, पिकू दे. तोवर डाव्या डोळ्याचा मधला भाग गेला. माणूस समोर उभं राहिलं की कान दिसतात, खांदे दिसतात, तोंडाच्या जागी धूर.

अलिबागच्या डॉक्टरीण बाईंनी, त्यांना तिथे सगळे मॅडम म्हणतात, फोटो काढून समजावलं. डोळ्याच्या आत जो पडदा असतो, त्याच्या मागे नको त्या जागी बारीक रक्तवाहिन्या उगवतात आणि त्या पाझरतात. डाव्या पडद्यावर डाग पडून वाळला होता, तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उजव्यात आत्ता कुठे पाझर सुरू झाला होता. तो दाबून ठेवायला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. चुकवायचं नाही, त्या म्हणाल्या, चुकवलं की जे जाईल ते परत मिळेलच असं नाही.

घरी येऊन मुलाशी बोलणं झालं. तो म्हणाला, आई, आता पुरे, इकडे ये. मी घासाघीस केली. शेवटी ठरलं ते असं: उजवा डोळा चालतोय तोवर मी माझ्या घरात, तो गेला की कुरकुर न करता चौदाव्या मजल्यावर. म्हणजे माझं घर, माझे चार माड आणि माझी वाटीभर भाताची मोकळीक, सगळं त्या एका डोळ्याला टांगलेलं.

पहिली दोन इंजेक्शनं सुरळीत झाली. डोळ्यात इंजेक्शन म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे मिटतात, पण दुखत नाही. आधी थेंब घालून बधिर करतात. एसटीने साळावचा पूल ओलांडून जायचं, डोळ्यावर पट्टी लावून दुपारच्या गाडीने परत यायचं. कंडक्टर दर वेळी विचारायचा, आजी, बरोबर कोण आहे. मी शेजारच्या सीटवरच्या पिशवीकडे बोट दाखवायचे.

तिसरं इंजेक्शन डिसेंबरात होतं. मला टेबलावर घेतलं होतं, मॅडम बाहेर हात धूत होत्या आणि नवी सिस्टर औषध भरत होती. गप्प पडून राहणं मला जमत नाही. आठ-आठ दिवस कुणाशी धड बोलणं झालेलं नसलं की माणूस टेबलावरसुद्धा गप्पा मारतं. मी तिला गाव विचारलं. ती तळ्याची निघाली. झालं, मला उधाण आलं. म्हटलं, मग तुझी आई पोटुशी असताना तिच्या दंडात मीच सुई टोचली असेल, तू माझ्या हाताखालून आलेली आहेस. ती हसली. किती छान हसली, आणि मी चढले.

तिने सिरिंज भरली, सुई वर धरली आणि दट्ट्या हळूच दाबला. मी आवाजाची वाट बघत होते. आवाज आलाच नाही.

"टिचकी नाही मारलीस?"

"मॅडम नको म्हणतात, आजी. नुसतं वर धरून सावकाश दाबायचं."

"बुडबुडा राहिला तर तो मॅडमच्या डोळ्यात जाणार की माझ्या?"

"राहिला न्हाय, आजी. मी बघितलं."

"तू बघितलंस, मी ऐकलं नाही. चौतीस वर्षं मारलीय मी. मार."

ती क्षणभर दाराकडे बघत राहिली. मग तिने मारली. प्लास्टिक काचेसारखं वाजत नाही, नुसतं टप् करतं. मी म्हटलं, ही काय टिचकी, उंदराने शिंकल्यासारखी, अजून मार. तिने आणखी दोन मारल्या. तीन झाल्या. मी समाधानाने डोळा वर केला, मॅडम आल्या, इंजेक्शन झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांदेली साफ करायला विळीवर बसले. खाली मान घातली आणि मासळीवर तीन बांगड्या येऊन बसल्या. काळ्या काठाच्या, आतून स्वच्छ, कंपासने काढाव्यात तशा गोल. एक मोठी, दोन लहान. मान वर केली, त्या खाली घसरून नजरेच्या तळाशी गेल्या. मान खाली, परत मांदेलीवर.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगायलाच हवं. मला वाटलं, बघ, राहिला की नाही बुडबुडा. पोरीने टिचकी जोरात मारायला हवी होती.

हवा असती तर एक-दोन दिवसांत जिरली असती, एवढं मलाही माहीत होतं. चार दिवस झाले, आठ झाले, बांगड्या जागच्या जागी. मला त्यांच्या सवयी कळायला लागल्या. उताणी झोपले की त्या नाहीशा व्हायच्या. उभी राहिले की नजरेच्या तळाशी झुलायच्या, होडीच्या तळाला पाणी झुलतं तशा. खाली बघितलं की बरोबर मधे येऊन हातातलं काम झाकायच्या. तांदूळ निवडताना, नखं कापताना, रांगोळीचे ठिपके काढताना. मान उजवीकडे कलती केली की त्याही तिकडे निघायच्या, पण एक श्वास उशिरा. कधी मी मुद्दाम झटकन मान हलवून त्यांना मागे टाकायचे आणि त्या पोचेपर्यंत थांबायचे. घरात माझ्या मागून फिरणारं दुसरं काही नव्हतं.

हे लिहितानाही मी कागद पाटीला लावून डोळ्यासमोर उभा धरलाय, फळ्यावर लिहितात तसा. मांडीवर घेतला की बांगड्या अक्षरांवर येतात.

मॅडम नको म्हणतात, याला काहीतरी कारण असणार, हे मला टेबलावर सुचलं नव्हतं. ते विळीवर सुचलं, आठव्या की नवव्या दिवशी. मी मेडिकलमधून एक सिरिंज आणवली, दट्ट्या बाहेर ओढला आणि त्याच्या रबरावर बोट फिरवलं. बोट सटकलं. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं तर बुळबुळीत, पाण्याने न जाणारं. काचेच्या सिरिंजेत हे नव्हतं. प्लास्टिकच्या मी हजारोंनी वापरल्या, पण त्या आतून बुळबुळीत का, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. कारण मी शिकवण्यात गुंतलेली होते. पडवीत बसून मी त्या म्हातारीला शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला, रांग आठवली, रांगेतली लुगडी आठवली. ती काही सापडली नाही. औषध मात्र चिडलेलं होतं, आणि माझ्या डोळ्यात येऊन बसलं होतं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? पहिल्या गाडीने जाऊन मॅडमना सांगितलं असतं. मी जानेवारीची तारीख आल्यावर दवाखान्यात फोन केला आणि सांगितलं, सर्दी झालीय, पुढच्या आठवड्यात येते. पुढच्या आठवड्यात परत फोन केला, पाहुणे आलेत. पाहुणे. माझ्याकडे. कावळा सोडला तर त्या महिन्यात पडवी चढून कुणी आलं नव्हतं.

स्वतःला मी एक गोष्ट रचून सांगितली होती. आपण गेलो की बांगड्यांचं सांगावं लागणार. सांगितलं की मॅडम विचारणार, सिस्टर, टिचकी मारलीस का. मग त्या पोरीची नोकरी जाणार, ती परत तळ्याला जाऊन बसणार, आणि ते पाप आपल्याला लागणार. गोष्ट छान होती. रोज संध्याकाळी दिवा लावताना मी ती सांगायचे आणि मला माझा अभिमान वाटायचा. खरी गोष्ट एवढीच की मॅडमसमोर बसून, मी मूर्खपणा केला, हे तीन शब्दांत म्हणायचं होतं, आणि ते माझ्या जिभेवर कधी आलेलंच नव्हतं. उपकेंद्रातली ती बया मरता मरत नाही. साडीची खळ गेली, आतली राहिली. शिवाय भीती होती. आणखी एक इंजेक्शन म्हणजे आणखी तीन बांगड्या, असं मनाने धरलं होतं.

रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल असतो. त्याने विचारलं, इंजेक्शन झालं का. मी म्हटलं, झालं. एकटीच गेलीस? मग काय वरात काढायची? तो हसला, सून मागून हसली, आणि पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यात मी बराच वेळ माझं तोंड बघत बसले. तेव्हा लक्षात यायला हवं होतं की तोंड नीट दिसत नाहीये. मला वाटलं, फोन पुसायला झालाय.

जानेवारी संपत आला. शेजारच्या वाडीत पोरांनी पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वरून भांबुर्डीचा पाला, आणि मडकं उलटं करून जाळात. तो वास घरात आला की एकट्या माणसाला घर जरा मोठंच वाटतं. सातच्या सुमाराला शेजारीण ताटली घेऊन आली. ती कोळीण, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, सुकी मासळी विकते, आणि माझ्या पदवीचा तिच्यावर कधी काही परिणाम झालेला नाही. ताटली घेताना मी तिची विचारपूस करत होते. ती थांबली. म्हणाली,

"नर्सबाय, तुमी माज्या तोंडाकडं बगताव का कानाकडं?"

मी म्हटलं, तुझे कान चांगले आहेत म्हणून. ती हसली नाही. ताटली खाली ठेवून तिने माझ्यासमोर हात धरला आणि बोटं किती ते विचारलं. मी सांगितलं, चार. तिने तोच हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि निघून गेली. किती बोटं होती ते मला अजून माहीत नाही.

कपाटाच्या दारावर मॅडमनी दिलेला चौकड्यांचा कागद चिकटवलेला आहे. रोज डावा डोळा झाकून त्याच्या मधल्या ठिपक्याकडे बघायचं, रेषा वाकड्या दिसल्या तर ताबडतोब यायचं. बांगड्या आल्यापासून मी त्या कागदासमोर उभीच राहिले नव्हते. त्या संध्याकाळी राहिले. बांगड्या खाली, आपल्या जागी, निमूट. कागदाशी त्यांचा काही संबंधच नव्हता. वर, बरोबर मधोमध, रेषा फुगल्या होत्या, ओढताना जाळ्यात मोठा मासा असावा तशा. ठिपका नव्हता.

दीड महिना मी तीन निरुपद्रवी बांगड्यांची राखण करत बसले होते आणि चोर दुसऱ्या दाराने आत येऊन घर धुऊन नेत होता. मी पोपटीला हात लावला नाही. पहाटे उठून पहिली एसटी पकडली. कंडक्टरने विचारलं, बरोबर कोण. त्या दिवशी मी पिशवी दाखवली नाही.

तक्त्यासमोर बसवलं. डिसेंबरात मी सहावी ओळ वाचली होती. आता चौथीवर अडखळले. पाचवी ओळ मी पाठांतरावर म्हणून दाखवायला निघाले, सवयच ती, तर तपासणाऱ्या मुलीने सांगितलं की त्यांनी तक्ता बदललाय. मग फोटो काढला. पडद्यामागे पाणी साचलं होतं. मॅडम फोटोकडे बघत विचारत होत्या, आजी, का नाही आलात. ती सिस्टर ट्रे घेऊन दारातच उभी होती.

मी सांगितलं. सर्दी खोटी, पाहुणे खोटे. टेबलावर मी तिला कशी दटावली, उंदराची शिंक, तीन टिचक्या, बांगड्या, विळी, सगळं. सांगताना माझं मला ऐकू येत होतं आणि ती चोवीस वर्षांची बया आत कुठेतरी तोंड झाकून बसली होती. शेवटी म्हटलं, हिचा दोष नाही, हुकूम माझा होता.

मॅडमनी माझा डोळा यंत्राखाली बघितला. थेंब त्यांना लगेच दिसले. सिरिंज आतून तेलकट असते, त्यांनी समजावलं, सिलिकॉनचं तेल, दट्ट्या सहज सरकावा म्हणून लावलेलं. टिचकी मारली की ते सुटून औषधात मिसळतं आणि सुईतून डोळ्यात जातं. टिचकीशिवायही कधी एखादा थेंब येतो, टिचकीने जास्त येतात. तेल हलकं, म्हणून डोळ्यात ते वर तरंगतं, आणि डोळा सगळं उलटं दाखवतो म्हणून मला ते खाली दिसतं. जिरत नाही, विरघळत नाही. सहसा काही करतही नाही. फारच त्रास झाला तर ऑपरेशन करून काढता येतं, पण तीन थेंबांसाठी या डोळ्याला हात लावायचा नाही, असं त्या ठाम बोलल्या. मी विचारलं, आणि त्या दोन ओळी? त्या म्हणाल्या, एक कदाचित परत येईल, दुसरीचं सांगत नाही.

त्याच दिवशी इंजेक्शन दिलं. टेबलावर मी तोंड उघडलं नाही. सिस्टरने सुई वर धरली, दट्ट्या सावकाश दाबला, खोलीत काही वाजलं नाही.

आता सहा महिने होतील. एकही तारीख चुकवलेली नाही. एक ओळ परत आली, दुसरी गेली ती गेलीच. वर्तमानपत्राचे मथळे वाचते, खालचा मजकूर अंदाजाने. सुईत दोरा ओवता येत नाही. शेजारणीचं तोंड दिसतं, बोटंही मोजता येतात. मुलाला मी पुढच्याच रविवारी सगळं सांगितलं होतं. डोळा चालतोय म्हणजे किती चाललं पाहिजे, ते आम्ही करारात लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे अजून मी इथेच आहे. बांगड्याही आहेत. नव्या आल्या नाहीत.

त्या दिवशी इंजेक्शननंतर सिस्टरने मला हाताला धरून बाहेरच्या बाकावर आणून बसवलं. पट्टी नीट चिकटवली. माझ्या पिशवीचा बंद माझ्या हातात दिला. गर्दी होती, प्रत्येक पेशंटबरोबर कुणी ना कुणी होतं, आणि ती माझ्याजवळच उभी राहिली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, बाळा, मला माफ कर, तुझी नोकरी जाईल म्हणून मी दीड महिना आले नाही, एक अक्षर कुणाला बोलले नाही. हे सांगताना, खरं बोलायचं तर, मला अजूनही थोडी शाबासकी हवी होती. ती माझ्याशेजारी बाकावर टेकली आणि म्हणाली,

"आजी, मी तर त्याच संध्याकाळी मॅडमना सांगून टाकलं होतं. दहा मिनिटं ओरडल्या, मग आम्ही दोघींनी चहा घेतला. तुम्हाला घरी ओरडणारं कुणीच न्हाय का?"